व्हीपीएन लागत नाही, म्हणजे नेमके काय लागत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टीव्हीला जोडलेल्या मीडिया प्लेअरवर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालत नसेल तर काय करावे, या प्रश्नाला वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञान-सदरांत बहुधा ठरलेले उत्तर मिळते. राउटर बंद करून चालू करा, सर्व्हर बदलून पाहा, तरीही जमत नसेल तर दुसऱ्या कंपनीचे व्हीपीएन घ्या. खाली चार-पाच कंपन्यांची नावे आणि त्यांचे वार्षिक दर. या सल्ल्याने वाचकाचे पैसे जातात आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो, कारण पुष्कळदा तो टीव्हीमागच्या डबीत, घरातल्या वाय-फायवर किंवा केबलवाल्याने दिलेल्या जोडणीत असतो. कंपनी बदलली तरी डबी तीच आणि वाय-फाय तेच. कंपन्यांची तुलना छापण्याआधी बिघाड शोधायचा क्रम छापला जावा, एवढ्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावावी लागलीच, तर घड्याळाचा आणि एमटीयूचा (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या कमाल आकाराचा) भाग तेवढा राहू द्यावा. तो सहसा कोणी सांगत नाही.

‘लागत नाही’ या एका तक्रारीत चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. जोडणीच होत नाही. जोडणी झाल्याचे दिसते, पण काहीच उघडत नाही. यादी आणि पोस्टर दिसतात, पण व्हिडिओ सुरू होत नाही. व्हिडिओ सुरू होतो, पण अडखळतो. यातली आपली कोणती, हे आधी ठरवावे. निम्मे काम तिथेच होते.

कोणतीही तक्रार असली तरी सुरुवात व्हीपीएन बंद करून करावी. त्याच डबीवर, त्याच जागी, नुसते इंटरनेट कसे चालते ते पाहावे. मोबाइल हातात धरून हॉलच्या मधोमध मोजलेला वेग इथे कामाचा नाही. टीव्ही स्टिक ही टीव्हीची पाठ आणि भिंत यांच्या बेचक्यात अडकलेली असते आणि तिला मिळणारा सिग्नल मोबाइलपेक्षा पुष्कळच कमी असतो. फायर टीव्ही स्टिकसोबत एचडीएमआयची वीतभर जोडवायर येते ती स्टिक पाठीपासून बाहेर काढण्यासाठी. बहुतेक घरांत ती खोक्यातच पडून असते. कांदिवली-मालाडच्या टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर अख्ख्या मजल्याची वाय-फाय नावे दिसतात, तिथे ५ गिगाहर्ट्झवर जाण्याला पर्याय नाही. उलट गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत भिंती इतक्या जाड की ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीत पोहोचत नाही. तिथे सरळ लॅनची वायर ओढावी. फुल एचडीला ५ ते ८ एमबीपीएस आणि फोर-केला १५ ते २५ एमबीपीएस सलग मिळायला हवेत. व्हीपीएनशिवाय एवढे मिळत नसतील, तर व्हीपीएन लावल्यावर कुठून मिळणार?

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (पुढे नुसते ‘पाय’) कोडी हे व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. घरात पडलेला मोबाइल चार्जर लावला आणि वर यूएसबी हार्ड डिस्कही जोडली, की व्होल्टेज ४.६३ च्या खाली घसरते, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. साधा व्हिडिओ तरीही चालतो, कारण त्याचे काम वेगळ्या हार्डवेअरवर होते. व्हीपीएनचे एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करणे, मात्र प्रोसेसरवर होते आणि तेच आधी मान टाकते. दुसरे म्हणजे यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये खरखर निर्माण करतात. डिस्क काढल्यावर व्हीपीएन सुधारत असेल तर दोष कुठे आहे ते कळले.

आता घड्याळ. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या कोणत्याही पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते. रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करायची आपल्याकडे सवय असते. सकाळी डबी चालू होते तेव्हा तिच्या मते वेळ कालच्या शेवटच्या नोंदीची असते, किंवा ती सिस्टिम ज्या दिवशी तयार झाली त्या दिवसाची. इंटरनेटवरून खरी वेळ यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात व्हीपीएन आपोआप सुरू झाले, की गाडी अडते.

व्हीपीएन जोडण्याच्या नेहमीच्या पद्धती दोन, ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड. ओपनव्हीपीएन निदान तसे सांगते तरी. लॉगमध्ये, म्हणजे त्याने ठेवलेल्या नोंदींत, ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ अशी ओळ येते: सर्व्हरची ओळख पटवणारे सर्टिफिकेट नवे, डबीचे घड्याळ जुने, म्हणून सर्टिफिकेट अजून लागू झालेले नाही असे डबी समजते. वायरगार्ड काहीच बोलत नाही. त्याच्या प्रत्येक हँडशेकमध्ये (जोडणी जुळवताना होणाऱ्या पहिल्या देवाणघेवाणीत) वेळेचा शिक्का असतो आणि सर्व्हर त्या उपकरणाच्या किल्लीसाठी आलेला सर्वांत अलीकडचा शिक्का लक्षात ठेवतो. त्यापेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक आला तर कोणी जुनी पॅकेट (डेटाचे छोटे गठ्ठे) पुन्हा पाठवतो आहे असे मानून सर्व्हर ती मुकाट टाकून देतो. डबीचे घड्याळ मागे गेले की नेमके हेच होते. वर, सगळी वाहतूक व्हीपीएनमधूनच जावी असे लावलेले असेल, तर वेळ विचारणारी पॅकेटही त्याच मेलेल्या टनेलमध्ये, म्हणजे व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेत, शिरते. वेळ नाही म्हणून व्हीपीएन नाही, व्हीपीएन नाही म्हणून वेळ नाही. ‘संध्याकाळी चालत होते, सकाळी बंद’ अशी तक्रार असेल आणि डबी पाय असेल, तर पहिला संशय इथे घ्यावा.

उपाय सोपे आहेत. पायवर कोडी चालवण्यासाठीच्या लिब्रएलेक या सिस्टिमच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर, नेटवर्क येईपर्यंत कोडीने थांबावे असा पर्याय आहे. तो चालू करून दहा-पंधरा सेकंद द्यावेत आणि त्याच पानावर टाइमसर्व्हरचे पत्ते भरलेले आहेत ना ते पाहावे. व्हीपीएन कोडी सुरू झाल्यानंतरच लागेल असे ठेवावे. कायमचा उपाय हवा असेल तर लॅमिंग्टन रोडवर डीएस ३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल सहज मिळते. पायच्या पिनांवर बसणारे पाच छिद्रांचे छोटे मॉड्यूल मागावे. मोठ्या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचे सर्किट असते आणि त्यात रिचार्ज न होणारा साधा सीआर २०३२ सेल घालणे धोक्याचे आहे. दुकानदार हे आपणहून सांगतोच असे नाही. अँड्रॉइड टीव्हीवर तारीख-वेळ ‘नेटवर्ककडून घ्या’ असे ठेवले की पुरे. हाताने वेळ लावणाऱ्यांकडून बहुधा वेळ बरोबर आणि टाइमझोन चुकीचा लागतो, मग भिंतीवरच्या घड्याळाशी जुळणारी वेळही आतून साडेपाच तासांनी चुकलेली असते.

घड्याळ ठीक असूनही जोडणी होत नसेल तर लॉग वाचावा. ओपनव्हीपीएनचा लॉग भीतीदायक दिसतो, पण त्यात पाहायच्या ओळी मोजक्याच. ‘ऑथ फेल्ड’ आले म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचलात, त्याने ओळखले नाही. इथे एक हमखास गोंधळ असतो. काही कंपन्यांमध्ये संकेतस्थळावर लॉगिन करायचे नाव-पासवर्ड वेगळे आणि डबीत हाताने भरायचे नाव-पासवर्ड वेगळे असतात. दुसरी जोडी खात्याच्या पानावर कुठेतरी आत, ‘मॅन्युअल सेटअप’खाली सापडते. रिमोटने अक्षरे टिपताना शेवटी पडलेली मोकळी जागा, किंवा एका खात्यावरची उपकरणांची मर्यादा संपलेली असणे, ही बाकीची दोन कारणे. ‘टीएलएस की निगोशिएशन फेल्ड’ आणि पुढे ६० सेकंद असे आले, तर पॅकेट गेली पण उत्तर आले नाही. नाव-पासवर्ड पुन्हा पुन्हा भरून इथे काही होणार नाही. सर्व्हर बंद आहे, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) चुकला आहे किंवा वाटेत कोणीतरी यूडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवण्याची पद्धत) अडवते आहे. ओपनव्हीपीएनचा नेहमीचा पोर्ट यूडीपी ११९४. तो सोडून टीसीपी (प्रत्येक पॅकेटची पोच घेणारी पद्धत) ४४३ लावून पाहावा. साधी सुरक्षित संकेतस्थळे त्याच पोर्टवरून येत असल्याने तो सहसा अडवला जात नाही. मात्र टीसीपीत टीसीपी घातले की एक पॅकेट हरवल्यावर दोन्ही थर ते पुन्हा मागवू लागतात आणि चित्र थांबून थांबून येते. टीसीपी तपासणीपुरते ठीक, रोजच्यासाठी यूडीपीच. ‘टन-टॅप उघडता येत नाही’ असा संदेश आला तर त्या डबीच्या सिस्टिममध्ये टनेलची सोयच ठेवलेली नाही. बिननावाच्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये हे आढळते आणि त्यावर वेळ घालवू नये. ‘इनिशियलायझेशन सीक्वेन्स कम्प्लिटेड’ ही ओळ दिसली की जोडणी झाली. यानंतरचा बिघाड वेगळा शोधायचा.

वायरगार्डमध्ये लॉग वाचून फारसे काही हाती लागत नाही, कारण चुकीच्या किल्लीला उत्तरच न देणे हा त्याच्या रचनेचाच भाग आहे. ॲपमध्ये स्विच चालू दिसला म्हणजे जोडणी झाली, असा समज करून घेऊ नये. पाहायच्या गोष्टी दोन: शेवटचा हँडशेक कधी झाला आणि किती डेटा आला. वापर चालू असताना हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होतो. तो तीन मिनिटांहून जुना असेल, पाठवलेला आकडा वाढतो आहे आणि आलेला शून्यावर आहे, तर किल्ली, पोर्ट किंवा घड्याळ यांपैकी एकात दोष आहे.

हँडशेक होतो, तुटतो, परत होतो, असे चालले असेल तर तीच कॉन्फिग फाइल (किल्ली आणि सर्व्हरचा पत्ता लिहिलेली) घरातल्या दुसऱ्या उपकरणावर आहे का ते विचारावे. मोबाइलसाठी काढलेली फाइल टीव्हीवर चढवली की दोघांची किल्ली एकच होते. सर्व्हर एका किल्लीसाठी एकच पत्ता धरतो, शेवटचे पॅकेट जिथून आले तो. मोबाइलने पॅकेट पाठवले की टीव्हीचे उत्तर मोबाइलकडे जाते आणि टीव्हीने पाठवले की उलट. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र फाइल काढणे एवढाच याला उपाय.

लिब्रएलेकबद्दल आणखी एक. ते लिनक्सवर बेतलेले आहे आणि वायरगार्ड लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०२० मध्ये, ५.६ या आवृत्तीपासून आले, त्यामुळे तिथे वेगळे काही बसवावे लागत नाही. पण लिब्रएलेकचे नेटवर्क कॉनमॅन नावाचा प्रोग्राम सांभाळतो आणि त्याची फाइल लिहिण्याची पद्धत निराळी आहे. कंपनीच्या पानावरून उतरवलेली फाइल जशीच्या तशी वायरगार्डच्या फोल्डरमध्ये टाकली तर काहीही होत नाही, चूक झाल्याचा संदेशसुद्धा येत नाही. आतली माहिती तीच, पण ओळींची नावे कॉनमॅनच्या पद्धतीने लिहावी लागतात, फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट कॉन्फिग’ असा लागतो आणि सर्व्हरचा पत्ता नावाने न देता आकड्यांत द्यावा लागतो.

जोडणी झाली पण काहीच उघडत नाही, या तक्रारीत पहिला आरोपी डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणारी सेवा. आकड्यांचा पत्ता उघडतो आणि नावाचा उघडत नाही, एवढी एक चाचणी पुरते. डबीत राउटरचा डीएनएस कोरलेला असतो आणि टनेल लागल्यावर त्या पत्त्यापर्यंत पोहोचायला वाट उरत नाही. कंपनीने दिलेला डीएनएस फाइलमध्ये लिहावा.

दुसरा आरोपी आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४), आणि मुंबईत तो वाढता आहे, कारण मोठ्या कंपन्यांची जोडणी आता आयपीव्ही६ सकट येते. व्हीपीएनने फक्त आयपीव्ही४ ची वाहतूक टनेलमध्ये घातली असेल, तर ज्या सेवा आयपीव्ही६ वर बोलतात त्यांची वाहतूक बाहेरूनच जाते. परिणाम विचित्र दिसतो: एक ॲप तुम्ही लंडनमध्ये आहात असे मानते, दुसरे दादरमध्ये. वायरगार्डच्या फाइलमध्ये ‘अलाउड आयपीज’ या ओळीत दोन्ही प्रकारचे सगळे पत्ते आहेत का ते पाहावे. कंपनी आयपीव्ही६ देतच नसेल तर डबीवर ते बंद करावे. लिब्रएलेकमध्ये हे त्या त्या जोडणीच्या पानावर करता येते. अँड्रॉइड टीव्हीवर बहुधा सोय नसते, मग राउटरमध्ये बंद करावे लागते.

तिसरी तक्रार, पोस्टर दिसतात, व्हिडिओ मात्र सुरू होत नाही. ही सगळ्यांत जास्त फसवते, कारण सगळे चालू आहे असेच वाटते. मूळ असते एमटीयूमध्ये, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. साध्या लॅनवर तो १५०० बाइट. केबलवाला नाव-पासवर्डाने लॉगिन करायला लावतो ती पीपीपीओई जोडणी, त्यात ८ बाइट आधीच जातात आणि १४९२ उरतात. व्हीपीएन म्हणजे पाकिटात घातलेले पाकीट. आतले पाकीट बाहेरच्यात मावायचे तर ते लहान हवे. वायरगार्ड बाहेरून आयपीव्ही४ वर चालत असेल तर ६० बाइट खाते, आयपीव्ही६ वर ८०. म्हणून त्याने आपला आकार मुळातच १४२० धरलेला असतो. पण पीपीपीओई आणि बाहेरून आयपीव्ही६ अशी जोडी जमली, की १४२० अधिक ८० मिळून १५०० होतात आणि वाट १४९२ ची. मोठी पॅकेट वाटेत पडतात. नियमाने वाटेतल्या राउटरने ‘आकार लहान करा’ असा निरोप मागे धाडायचा असतो, पण अनेक ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली तो निरोपच अडवलेला असतो. हँडशेक लहान, यादी मागणारी पॅकेट लहान, ती निघून जातात. व्हिडिओची पॅकेट काठोकाठ भरलेली, ती पोहोचत नाहीत. चक्र फिरत राहते आणि ‘शून्य टक्के’ हा आकडा काही हलत नाही.

मोजायचे असे. व्हीपीएन बंद ठेवून लॅपटॉप त्याच वाय-फायला जोडावा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगला (पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहणारी आज्ञा) तुकडे न करण्याचा पर्याय, म्हणजे डॅश एफ, आणि आकारासाठी डॅश एल १४७२ असे द्यावे. पिंग स्वतःचे २८ बाइट वर चढवते, म्हणून १४७२ गेले तर वाट १५०० ची आहे. ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ असे आले तर १४६४ द्यावे. ते गेले आणि १४६५ अडले, तर वाट १४९२ ची. मिळालेल्या आकड्यातून ८० वजा केले की वायरगार्डचा सुरक्षित आकार हाती येतो, पीपीपीओईवर १४१२. लॅपटॉप नसेल तर उलटीकडून जावे: थेट १२८० लिहून पाहावे. व्हिडिओ धावला तर दोष सिद्ध झाला, मग हळूहळू वर चढत जावे. १२८० च्या खाली मात्र उतरू नये, कारण आयपीव्ही६ ला किमान तेवढा आकार लागतोच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डबी चालवणाऱ्यांनी वर जायच्या भानगडीत न पडता १२८० च ठेवावे. ओपनव्हीपीएनमध्ये हेच काम ‘एमएसएस फिक्स’ या ओळीने होते. काही तयार फाइलमध्ये ती शून्य लिहून बंद केलेली असते. तिथे १३६० लिहून पाहावे.

चौथी तक्रार वेगाची. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या पायच्या प्रोसेसरमध्ये एईएस एन्क्रिप्शनचे खास हार्डवेअर नाही. ते पाय ५ मध्ये आले. ओपनव्हीपीएन बहुधा एईएस वापरते आणि नेहमीच्या मांडणीत एन्क्रिप्शनचे काम एकाच कोअरवर करते, त्यामुळे चार कोअरचा प्रोसेसर असूनही एक दमतो आणि तीन बसून राहतात. वायरगार्डचे चाचा२० हे एन्क्रिप्शन या जुन्या प्रोसेसरवरही हलके चालते. पायवर अडखळत असेल तर सर्व्हर बदलण्याआधी ओपनव्हीपीएनवरून वायरगार्डवर यावे. कोडी २१ पासून कॅशचा (व्हिडिओ आधी साठवून ठेवण्याच्या जागेचा) आकार सेटिंगमध्येच वाढवता येतो. दूरच्या सर्व्हरसाठी तो वाढवल्याने फायदा होतो, पण मूळ वेगच कमी असेल तर अडखळणे फक्त थोडे पुढे ढकलले जाते.

दूरचा सर्व्हर म्हणजे कुठला, यातही एक मेख आहे. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवावी लागते. हे मान्य नसलेल्या अनेक परदेशी कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर काढून घेतले. त्यानंतर ॲपमध्ये जो ‘भारत’ दिसतो तो पुष्कळदा आभासी असतो: पत्ता भारतीय, यंत्र सिंगापूरला किंवा लंडनला. ओळखायला पिंग पुरते. मुंबईतून खरोखर मुंबईतल्या यंत्राला दहा मिलिसेकंदांच्या आत उत्तर येते, सिंगापूरहून साधारण ६०, लंडनहून १२० च्या पुढे. ‘मुंबई’ सर्व्हर ६० दाखवत असेल तर आपला व्हिडिओ समुद्रापार जाऊन परत येतो आहे. युरोपकडचा रस्ता अधूनमधून आपोआपही बिघडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा तो मंदावला होता. अशा दिवसांत डबीशी झटापट न करता सिंगापूरचा सर्व्हर निवडावा.

एखाद्या व्हिडिओ सेवेने ‘तुम्ही प्रॉक्सी वापरत आहात’ असा फलक दाखवला, तर तो बिघाड नव्हे. सेवेने त्या सर्व्हरचा पत्ता ओळखून दार लावले आहे. आपल्याकडे व्हीपीएन वापरणे हा सरसकट गुन्हा नाही, पण दुसऱ्या देशाची यादी पाहण्यासाठी ते वापरणे बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडे ही तक्रार घेऊन जाऊ नये.

व्हीपीएन लावले की घरातल्या नॅसवरचे (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक डिस्कवरचे) सिनेमे दिसेनासे होतात, हीसुद्धा नेहमीची तक्रार. कारण बहुधा किल स्विच. व्हीपीएन तुटले तर काहीच बाहेर जाऊ नये म्हणून तो असतो, पण कडक लावला की घरातल्या घरातली वाहतूकही अडवतो. ॲपमध्ये स्थानिक नेटवर्कला परवानगी द्यावी. तरीही नॅसचे नाव यादीत आपोआप आले नाही, तर कोडीमध्ये तिचा आकड्यांचा पत्ता हाताने भरावा आणि राउटरमध्ये तो पत्ता तिच्या नावे राखून ठेवावा.

उलट दिशेचा वापरही वाढला आहे: मुलगी न्यू जर्सीला आणि तिला परळच्या घरातल्या डिस्कवरचे लग्नाचे व्हिडिओ, जुनी रेकॉर्डिंग पाहायची आहेत. घरी व्हीपीएन सर्व्हर लावला, राउटरमध्ये ५१८२० हा पोर्ट उघडला, तरी बाहेरून काहीच लागत नाही. राउटरच्या पानावर वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहावा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवली आहेत. याला सीजीनॅट म्हणतात आणि घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी तिथे उपयोग नाही. केबलवाल्याकडून दरमहा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा, दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल तर त्यावरून जावे, किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरावी, जी दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूने एकमेकांची गाठ घालून देते. तीही उपकरणांना १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते देते, तेव्हा ते पाहून पुन्हा सीजीनॅटचा संशय घेऊ नये. आपण सीजीनॅटमागे आहोत की नाही हे ग्राहकाला जोडणी घेतानाच कळले पाहिजे. अर्जावर किंवा बिलावर तशी एक ओळ छापायला कंपन्यांना काहीच खर्च येत नाही, आणि आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी अशी विनंती आहे.

दोन्ही घरांचे राउटर १९२.१६८.१ याच पट्ट्यात असतील तर टनेल लागूनही डिस्क दिसत नाही, १९२.१६८.१.५ म्हणजे इथली डिस्क की तिथला प्रिंटर हे मुलीच्या लॅपटॉपला समजत नाही. मुंबईच्या घराचा पट्टा १९२.१६८.५७ असा काहीतरी अनवट करावा. बाहेरच्या घरी आपले चालत नाही, म्हणून बदल इथेच करायचा.

एवढे करूनही व्हीपीएन कंपनीला लिहायची वेळ आलीच, तर ‘चालत नाही’ एवढे लिहून भागत नाही. उत्तरादाखल राउटर बंद-चालू करायचाच सल्ला येतो. डबीचे नाव आणि सिस्टिमची आवृत्ती, ओपनव्हीपीएन की वायरगार्ड, कोणता सर्व्हर आणि पोर्ट, व्हीपीएनशिवाय आणि व्हीपीएनसह मोजलेला वेग, एमटीयू किती ठेवला आहे आणि लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी, एवढे पहिल्याच पत्रात द्यावे. लॉगमधून आपले नाव, पासवर्ड आणि आयपी पत्ता काढून टाकावा. वायरगार्डची फाइल पाठवताना ‘प्रायव्हेट की’ची ओळ आधी पुसावी. ती चुकून गेलीच असेल तर जुनी फाइल खात्यावरून रद्द करून नवी काढावी.

कळावे,
घरगुती नेटवर्कच्या कामातले एक वाचक,
दादर, मुंबई